लॅमिंग्टन रोडवरची आठवी पिढी

फुले घ्यावीत दादरला, मसाला कुटून घ्यावा लालबागला आणि विजेवर चालणारी वस्तू, मग ती अख्खी असो की तिचा सुटा भाग, घ्यावी लॅमिंग्टन रोडला, हे मुंबईच्या कामकरी माणसाला सांगावे लागत नाही. पण बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरले की थोड्याच चालीवर हा रस्ता लागतो. एका अंगाला मुंबई सेंट्रल, दुसऱ्या अंगाला ऑपेरा हाऊस. पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. परंतु टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा, तो तुमच्याच तोंडाकडे बघत राहील. लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तेथे हजर असलेला हा लॅमिंग्टनही जखमी झाला होता. गोरा साहेब गेला, त्याचे राज्य गेले, रस्ता मात्र त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आमच्याबरोबर बेस्टमधून निवृत्त झालेले काका होते. त्यांच्या लेखी लॅमिंग्टन रोड म्हणजे मिनर्वा थिएटर आणि मिनर्वा म्हणजे 'शोले'. १९७५ साली लागलेला तो पिक्चर पाच वर्षे हलला नाही. ते थिएटर आता उरलेले नाही, पण काका त्या जागेकडे बोट दाखवल्याशिवाय पुढे सरकले नाहीत. आमचे काम वेगळे होते. आमच्या विक्रोळीच्या वस्तीत मुलांसाठी एका खोलीची अभ्यासिका आहे. तेथे दहावीपासून डिप्लोमापर्यंतची वीसेक मुले-मुली संध्याकाळी बसतात. त्या अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून ४३,५०० रुपये जमले होते. त्यात कोणाचे पाचशे, कोणाचे पन्नास, एका आजीचे दहा दहाच्या नोटांचे दोनशे. या पैशांतून कॉम्प्युटर घ्यायचे ठरले.

आता मोबाईल घरोघरी आहे, मग कॉम्प्युटर कशाला, असे एक-दोघांनी विचारलेच. त्याचे उत्तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना ज्याने कागदपत्रे मोबाईलवरून चढवून पाहिली आहेत तो देईल. सायबर कॅफेत प्रत्येक खेपेला पैसे मोजायचे, साइट बंद पडली की उद्या परत या. मराठी टायपिंगचा सराव मोबाईलवर होत नाही. आणि सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या वस्तीतल्या मुलीला ऑटोकॅडवर नकाशे काढायचे होते. ते तर मोबाईलचे कामच नव्हे. तीही आमच्यासोबत होती. खरे म्हणजे त्या दिवशी आमची पुढारी तीच.

जायचा दिवस ठरवण्यातच अडचण. लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकाने रविवारी बंद. नोकरदार माणसाला रविवारच मोकळा, आणि नेमका त्याच दिवशी बाजार झोपलेला! तेव्हा नोव्हेंबर २०२५ मधला एक शनिवार धरला. रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या मावशींनी ड्यूटी बदलून घेतली. कुरिअरचे काम करणाऱ्या पोराने दिवसाच्या कमाईवर पाणी सोडले. विक्रोळीहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी आणि ग्रँट रोड. मेट्रो तीनचे ग्रँट रोड स्थानक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाले होते आणि पोराला त्यातून जायची हौस होती. पण वर्गणीचा पैसा खिशात असताना हौस कोण करील?

रस्त्यावर पाऊल टाकले की आधी डोळे दिपतात, मग कान. फुटपाथवर वायरींची भेंडोळी, चार्जर, रिमोट, मालिका लावायचे दिवे. मागे अरुंद दुकाने, त्यांच्या काउंटरच्या काचेखाली बोटाएवढे भाग मांडलेले, आणि लाकडी जिना चढून वर गेले की पोटमाळ्यावर आणखी दुकान. हातगाडीवाला "साईड, साईड" करीत खोक्यांचा डोंगर ढकलतो. कटिंग चहाचा पोऱ्या त्यातूनही ग्लास न सांडता जातो. एके काळी येथे रेडिओचे व्हॉल्व्ह, कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर मिळत. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर जोडून देण्याचा धंदा वाढला, आणि तेव्हापासून येथे गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात तो पिढीचा.

हा पिढीचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. कॉम्प्युटरच्या पोटात जी मुख्य चिप असते तिला प्रोसेसर म्हणतात. इंटेल कंपनीने १९८२ साली २८६, १९८५ साली ३८६ आणि १९८९ साली ४८६ बाजारात आणली. आकड्यावर मालकी सांगता येत नाही असे न्यायालयात ठरल्यावर १९९३ च्या चिपला ५८६ न म्हणता पेंटियम हे नाव दिले. ज्यांनी त्या दिवसांत क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकला त्यांना हे आठवत असेल. पुढे २००८ पासून आय-सेव्हन, आय-फाइव्ह, आय-थ्री ही नावे आली आणि सगळा घोळ येथूनच सुरू झाला. कारण ही तिन्ही नावे पिढ्यान् पिढ्या तीच राहिली. २०११ सालचाही आय-सेव्हन आणि २०२२ सालचाही आय-सेव्हन. नाव एक, पण मध्ये अकरा वर्षे आणि दहा पिढ्यांचे अंतर.

पहिल्याच दुकानात आमच्यासमोर हेच आले. "ये लो भाभी, आय-सेव्हन है, सिर्फ साढे छह हजार," दुकानदार मावशींना म्हणाला. मावशी खूश झाल्या. सेव्हन म्हणजे सर्वांत वरचा, एवढे त्यांनाही माहीत होते. मुलीने मात्र विचारले, "पूरा नंबर क्या है?" नंबर निघाला २६००. म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. नंबर वाचायची रीत अगदी सोपी आहे आणि प्रत्येक घरात ती ठाऊक असावी. नावानंतर चार आकडे असले तर पहिला आकडा पिढीचा: ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडे असले तर पहिले दोन: १२१०० म्हणजे बारावी. त्या २६०० आय-सेव्हनपेक्षा २०२२ सालचा साधा १२१०० आय-थ्री एका कोअरच्या वेगात साधारण दुप्पट भरतो. आणि ऑटोकॅडसारखे काम बहुतांशी एकाच कोअरवर चालते. तेव्हा मोठ्या नावाचा म्हातारा घ्यावा की लहान नावाचा तरुण, हे कामाकडे पाहून ठरवायचे.

नंबराच्या शेवटी अक्षर असते, तेही पाहावे. 'एफ' असेल तर त्या चिपमध्ये चित्र दाखवायची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. स्वस्त म्हणून 'एफ'वाली घेतली आणि घरी पडदा काळाच, अशी फजिती होऊ शकते. 'टी' असेल तर ती वीज कमी खाते पण दमानेही चालते. लहान डबीसारख्या कॉम्प्युटरमध्ये तीच असते. 'के' हे शौकिनांचे अक्षर. आपल्याला त्याचे काम नाही.

त्या दिवशी रस्त्यावर जिकडे पाहावे तिकडे सहाव्या-सातव्या पिढीचे काळे डबे रचलेले होते. एकसारखे, कोणावर अजून ऑफिसची चिकटपट्टी. एवढा माल एकदम कोठून आला? याचे उत्तर १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेत आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. मागून नोंद करणाऱ्यांना सुरक्षेची आणखी एक वर्षाची मुदत, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळणार होती, तेवढेच. आणि विंडोज ११ साठी कंपनीने जी यादी केली तिच्यात इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढच्या घेतल्या. सातवी काही मोजके अपवाद सोडता बाहेर, सहावी पूर्ण बाहेर. एएमडी कंपनीची २०१७ सालची पहिली रायझनही बाहेरच. मग कचेऱ्यांनी आपले चालते-बोलते डबे विकायला काढले यात नवल ते काय? आमच्या मते हा श्रीमंतांचा उधळेपणा आहे. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह टायपिंगला, फॉर्म भरायला, व्हिडिओवरचा धडा बघायला आजही पुरून उरतो. पण कारखान्यातून ज्या कामगाराला वयाआधी घरी बसवतात, त्याची गत जशी, तशीच या डब्यांची.

तर आमच्यापुढे तीन वाटा होत्या. बारावीचा आय-थ्री घालून नवा कोरा कॉम्प्युटर जोडून घेतला तर नुसत्या डब्याचे २८,५०० सांगितले; म्हणजे मॉनिटर वगैरे धरून एकच कॉम्प्युटर आणि थोडे पैसे शिल्लक. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि एसएसडीसह, जुना पण तपासलेला, पंधरा हजाराला. आणि तसाच सहाव्या पिढीचा नऊ हजाराला.

चहाच्या टपरीवर सभा भरली. कुरिअरवाला पोरगा म्हणाला, "नवा एकच घेऊ. हमी मिळते, दहा वर्षं बघायला नको." मावशी म्हणाल्या, "अरे, वीस पोरं आणि एक कॉम्प्युटर? रेशनच्या लायनीसारखं उभं करायचं काय त्यांना? सहावीचे चार घे." हिशेब केला तर डबेच छत्तीस हजारांचे, मॉनिटरांसकट चार बसत नव्हते, तीन बसत होते. काका गप्प होते. मुलगी म्हणाली, "मावशी, तीन घेतले तरी माझं काम एकावरही होणार नाही. नवं ऑटोकॅड विंडोज ११ वर शिकवतात. आणि दुकानदार सहाव्यावर अकरा चढवून देतो म्हणतो ना, ते जुगाड आहे. पुढचे अपडेट येतील याची कंपनी हमी देत नाही." मावशींना ते पटले नाही. "तुझं एकटीचं काम मोठं, आणि बाकीच्या एकोणीस जणांचं काय?" असे त्या सरळ म्हणाल्या. मुलीचे तोंड उतरले. आमच्यातल्या कोणालाच चटकन उत्तर सुचले नाही, कारण दोघींचेही खरे होते. पैसा कमी असला की भांडण बहुधा अशाच दोन खऱ्या माणसांत लागते.

तोडगा काकांनी काढला. तिकिटे फाडण्यात आयुष्य गेलेला माणूस; कोण किती स्टॉप जाणार हे पाहून विचार करतो. ते म्हणाले, "सगळ्यांना शेवटच्या स्टॉपला जायचं नाही. ज्यांना लांब जायचं त्यांना आठवी द्या, जवळच्यांना सहावी." म्हणजे दोन आठवीचे आणि एक सहावीचा. सहावीच्या डब्यावर विंडोज न ठेवता लिनक्स घालायचे. ते फुकट मिळते, त्याची सुरक्षा चालू राहते आणि मराठी इन्स्क्रिप्टचा कळफलकही त्यात असतो. मुलीला ते घालता येत होते. मावशींना तीन खुर्च्या मिळाल्या. नवा घेण्याची वाट मात्र सुटली, आणि पोरगा थोडा हिरमुसलाच.

आठवीवरच का अडून बसलो, तर विंडोज हे एकच कारण नाही. सातव्या पिढीपर्यंत आय-फाइव्हला चार कोअर होते, आठव्यापासून सहा झाले. आय-थ्रीचे दोनाचे चार झाले. सातवी आणि आठवी यांच्यात भाव थोडा आणि फरक मोठा, अशी ही जागा आहे. एका दुकानदाराने सांगितले, "छठा ले जाओ, बाद में इसी में आठवाँ डाल देना, छेद सेम है." छेद सारखेच आहेत हे खरे. दोन्ही ११५१ टाचण्यांच्याच बैठकीत बसतात. पण सहाव्या-सातव्याच्या मदरबोर्डावर आठवी चालत नाही. तिला वेगळा बोर्ड लागतो. हे बोलणे ऐकले की त्या दुकानातून नमस्कार करून निघावे.

नव्याचेही सगळेच गोड नसते. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही ताकदवान चिपांमध्ये व्होल्टेजचा दोष २०२४ साली उघड झाला आणि इंटेलला त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेस्कटॉपसाठी कोअर अल्ट्रा हे नवे नाव आले आणि पंधरावी पिढी असे काही म्हणायचेच राहिले नाही. आधीच्या नंबरांची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा श्रीगणेशा!

माल पसंत करण्यापेक्षा तपासण्यात आमचा जास्त वेळ गेला. डब्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नये. स्टिकर या रस्त्यावर सुटेही मिळते. मॉडेलचा नंबर अधिक खरा. डेलच्या ऑप्टिप्लेक्समध्ये ३०५० म्हणजे सहावी-सातवी, ३०६० म्हणजे आठवी. एचपीच्या एलिटडेस्क ८०० मध्ये जी-टू सहावी आणि जी-फोर आठवी. मग डबा सुरू करायला लावावा. सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडले की प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो. टास्क मॅनेजरमध्ये कोअर दिसतात. विंडोजची बटन आणि 'आर' एकदम दाबून टीपीएम डॉट एमएससी लिहिले की सुरक्षेची चिप, जी विंडोज ११ ला लागते, ती आहे की नाही कळते. विंडोजपुढे 'अ‍ॅक्टिव्हेटेड' लिहिलेले आहे का, तेही पाहावे. एका ठिकाणी बाहेर आठवीचे स्टिकर आणि आत सहावीचा ६५०० निघाला. मुलीने पडदा दुकानदाराकडे वळवला. तो म्हणाला, "गलती से लग गया होगा." आम्ही काही बोललो नाही, उठलो.

आणि एक. पिढीच्या नादात एसएसडी विसरू नये. आठव्या पिढीत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्यापेक्षा एसएसडी घातलेला सहावीचा डबा हाताला जलद लागतो. अनेकांना वाटते आपला कॉम्प्युटर म्हातारा झाला. खरे तर त्याची फक्त डिस्क म्हातारी झालेली असते. घरी जुना डबा पडून असेल तर तो विकण्याआधी एवढे करून पाहा.

अखेर एका पोटमाळ्यावरच्या दुकानात व्यवहार जमला. काउंटरवरचा पोरगा कल्याणचा निघाला, मराठी बोलत होता. वर्गणीचे पैसे आहेत म्हटल्यावर त्याने आठवीचे डबे चौदा-चौदा हजाराला आणि सहावीचा साडेआठ हजाराला लावला. दोन जुने मॉनिटर दोन-दोन हजाराचे. तिसरा वस्तीत एकाकडे पडून होता. तीन कळफलक-माऊस दीड हजार. झाले ४२,०००. मुलीला आठवीच्या एका डब्यात आणखी आठ जीबी रॅम हवी होती, जागाही मोकळी होती. पण त्या दिवसांत रॅमचे भाव रोज चढत होते आणि पोरानेच सांगितले, "ताई, आता नका घेऊ." यूपीएसही राहिला. जाता जाता तो मावशींना म्हणाला, "बिलावर नुसतं आय-फाइव्ह लिहून घेऊ नका. पूर्ण नंबर आणि डब्याचा सिरीयल नंबर लिहून घ्या. महिन्यात काही झालं तर तेच कामाला येतं." मावशींनी तीनही नंबर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले आणि बिलाशी ताडून पाहिले.

उरलेल्या दीड हजारातून टॅक्सी केली. सामान मांडीवर, मॉनिटर मध्ये, आणि काका पुढे बसून रस्ता सांगत होते. सोमवारी संध्याकाळी अभ्यासिकेच्या दारावर वेळापत्रक लागले: आठवीचा एक डबा सात ते नऊ नकाशांसाठी आणि प्रोजेक्टसाठी, दुसरा फॉर्मसाठी, आणि लिनक्सचा डबा टायपिंगसाठी, प्रत्येकी अर्धा तास. टायपिंगच्या यादीत पहिल्याच दिवशी अकरा नावे भरली. बारावे नाव मावशींनी स्वतःचे घातले.